रस्त्याच्या अलीकडे

मी नाशिकमध्ये घरांची कागदपत्रं बघते. शोध अहवाल, करारनामे, लिव्ह अँड लायसन्स, कधीमधी भावाभावांच्या वाटण्या. लोक माझ्याकडे येतात ते घर ठरवून झाल्यावर, टोकन देऊन झाल्यावर. ठरवायच्या आधी कुणी येत नाही. हे कुटुंब आलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. त्यांना विचारून लिहिते. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत.

ऑक्टोबर २०२३. घरात चार माणसं. साहेब सत्तेचाळीसचे, अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. बाई शरणपूर रोडच्या बाजूला एका शाळेत शिकवतात. मुलगी दहावीत. आणि साहेबांच्या आई, त्र्याहत्तर वर्षांच्या. त्यांना सगळे आजी म्हणतात, मीही म्हणू लागले.

पाथर्डी फाट्यावरून वडनेर दुमाल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत त्यांचं रो हाऊस आहे. २०११ साली घेतलेलं. बारा घरांची रांग, मागे उसाचं शेत, दारात कढीपत्ता, जास्वंद आणि सोनचाफा. घर उत्तम. मी पहिल्यांदा गेले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते, आणि मोटारीचं इंजिन बंद केल्यावर कानात दडा बसल्यासारखं वाटलं, इतकं शांत. बारापैकी पाच घरांना कुलूप. मालक पुण्यात, मुंबईत, एक परदेशात. गुंतवणूक म्हणून घेतलेली घरं रांगेत असली की शेजार कागदावरच असतो.

बाईंनी विषय काढला तो असा : "इकडे आता जीव रमत नाही. गावात राहायला जावं का?"

नाशिककर उपनगरात राहायला गेला तरी मेन रोड, रविवार कारंजा, अशोक स्तंभ या भागाला 'गाव'च म्हणतो. साहेबांना गाव नको होतं. अंबड इथून पंधरा मिनिटं, शिवाय पहाटे पांडवलेणी चढून यायचं, हा त्यांचा बारा वर्षांचा नेम. त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढायच्या, लेण्यांसमोर दोन मिनिटं बसायचं, उतरायचं, आठला कामावर. "हे मला कॉलेज रोडवर कोण देणार?" असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर नव्हतं. मुलगी म्हणाली, कुठेही चालेल, वायफाय असू द्या. आजी काही बोलल्या नाहीत. चहाचे कप उचलताना मला म्हणाल्या, "वकीलबाई, इथं दुपारी कुत्रं भुंकलं तरी बरं वाटतं."

वही

शांत भाग चांगला की गजबजलेला, यावर घरात वर्षभर वाद चालला होता. असल्या वादाला शेवट नसतो, कारण दोघंही खरं बोलत असतात. मी त्यांना म्हटलं, वाद बाजूला ठेवा आणि पंधरा दिवस एक वही ठेवा. घराबाहेर कोण पडलं, कुठे, आणि कुणाबरोबर. बाकी काही लिहू नका.

ही युक्ती मी कुठे वाचलेली नाही. माझ्या स्वतःच्या सासूबाईंनी एकदा भांडणात ऐकवलं होतं, "महिन्यातून एकदा तुमच्या गाडीतून बाहेर पडते मी, तेही डॉक्टरकडे." ते लक्षात राहिलं होतं.

चौदा दिवसांची वही आली. आजी चार वेळा बाहेर पडल्या : दोनदा डॉक्टर, एक लग्न, एक बारसं. चारही वेळा कुणाच्या तरी गाडीवर. एकट्या एकदाही नाही. बस फाट्यावर मिळते, फाटा घरापासून दीड किलोमीटर, मधला रस्ता संध्याकाळी अंधाराचा. त्यात नाशिकच्या कडेच्या शिवारांत बिबट्या ही काही ऐकीव गोष्ट नाही. ऊस आला की तोही येतो. सोसायटीच्या ग्रुपवर "बिबट्या दिसला, मुलं आत घ्या" असा निरोप आला की आजींचं अंगणातलं फिरणंही आठ दिवस बंद. मुलगी रोज बाहेर पडत होती, पण तीही एकटी नाही. क्लास कॉलेज रोडला, संध्याकाळी सहा ते नऊ. बाई शाळेतून पाचला घरी यायच्या, तिला सोडायच्या, परत यायच्या, पुन्हा आणायला जायच्या. शाळा आणि क्लास मिळून बाई रोज अडीच तास स्कूटरवर. साहेब मात्र पाहिजे तेव्हा, पाहिजे तिथे, एकटे.

वही टेबलावर उघडी होती आणि साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटायचं, आईला शांतता आवडते."

माझ्या दृष्टीने प्रश्न तिथे बदलला. विचारायचं हे होतं की, घरातली गाडी न चालवणारी दोन माणसं कुठल्या पत्त्यावर कुणाला न सांगता चप्पल घालून बाहेर पडू शकतील. मग जागा बघायला सुरुवात झाली.

आजींचं गाव

आजींना विचारल्यावर त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. तिळभांडेश्वर लेन. तिथे त्यांचं माहेर. गंगेवर चालत जाता येतं. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि गंगेवर जाणं म्हणजे रामकुंडावर डुबकी मारणं असंच नाही. भांडी बाजारातून फिरणं, बुधवारच्या बाजारात भाजी घेणं, कपालेश्वराच्या पायऱ्यांवर टेकणं, हे सगळं त्यात येतं. लहानपणी रंगपंचमीला रहाडीत कशी उडी मारायचे लोक, हे त्या सांगताना हातवारे करून सांगायच्या. तिवंधा चौकात, शनी चौकात जमिनीखाली दगडी हौद आहेत, पेशवाईपासूनचे. वर्षभर बुजवलेले असतात. रंगपंचमीला उकरतात, रंगाने भरतात. आता त्यातल्या एका रहाडीपासून हाकेच्या अंतरावर, जुना वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत एक फ्लॅट विकायला होता.

मी तो फ्लॅट बघायला गेले आणि मलाही मोह झाला, हे कबूल करते. जिन्यात फोडणीचा वास, खाली कासाराचं दुकान, समोरच्या ओट्यावर चार बायका वाल सोलत बसलेल्या. आजी त्यांच्यात जाऊन बसल्या आणि पाच मिनिटांत कुणाची तरी आत्या कुणाची तरी मावशी निघाली.

पण कागद बघणं हे माझं काम. गावठाणात सात-बारा चालत नाही, सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक लागतं, आणि वाड्याच्या मालमत्ता पत्रकावर किती नावं असतील याचा नेम नसतो. इथे मूळ मालकाचे वारस तिसऱ्या पिढीत विखुरलेले होते. त्यातल्या एका बहिणीच्या मुलांच्या सह्या विकसन करारावर दिसत नव्हत्या. हक्कसोड कुठे नोंदवलंय का, म्हणून मी तीस वर्षांचा शोध घेतला, मिळालं नाही. दोन जुने भाडेकरू होते, त्यांचा निकाल कसा लागला याचाही पुरावा नव्हता. मी "नाही" लिहून दिलं.

कागद नीट असते तरी दोन गोष्टी राहत होत्या. गाडी लावायला जागा शून्य. आणि सिंहस्थ. २०१५ च्या पर्वण्यांना गोदाकाठच्या रहिवाशांना आपल्याच गल्लीत शिरायला बंदोबस्त ओलांडावा लागत होता, आणि पुढच्या पर्वण्या २०२७ मध्ये आहेत. पुराचं म्हणाल तर तो फ्लॅट उंचावर होता. पण त्या भागात घर बघणाऱ्या प्रत्येकाला मी निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघायला लावते : निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की अख्खं नाशिक पुलावर बघायला जातं. बघायला जाणं निराळं, तिथे गाळ्यातला माल उचलत बसणं निराळं. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वेळा काठच्या दुकानदारांनी ते केलं आहे.

आजींना "नाही" सांगायला मीच गेले. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. माहेर काय, माहेरच असतं."

माझी चूक

यानंतर मी कॉलेज रोड सुचवला. क्लास तिथे, बाईंची शाळा जवळ, दवाखाने, बँका, खायची ठिकाणं. दुकानांच्या वर दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं २६,००० रुपये. मला तो आदर्श वाटला होता.

साहेबांनी तो अर्ध्या तासात निकालात काढला. क्वालिटीतला माणूस, त्यांनी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं आणि मालकाच्या परवानगीने रात्री अकराला जाऊन बेडरूमच्या खिडकीत उभे राहिले. सरासरी ६३ डेसिबल. मोबाइलच्या आकड्यावर कोर्टात कुणी विश्वास ठेवणार नाही, पण एकाच फोनने दोन जागा मोजल्या तर कुठली जास्त गोंगाटाची हे नक्की कळतं. त्याच फोनने पाथर्डीच्या घरात त्याच वेळी ३४ दाखवले होते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. रस्त्यावरच्या कॅफेसमोर मुलांच्या मोटरसायकली उभ्या, सायलेन्सर बदललेल्या. ही मुलं काही ४५ डेसिबल बघून गाडी काढत नाहीत.

दुसरी गोष्ट आजींनी शोधली. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "इथं बसायचं कुठं?" खरंच, शंभर दुकानं होती आणि बसायला एक कट्टा नव्हता. गर्दी होती ती वीस वर्षांच्या मुलांची. मी गजबज या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी भरल्या होत्या. वालाच्या शेंगा सोलणाऱ्या बायकांचा ओटा मी आदल्याच महिन्यात बघून आले होते, तरी मला ते सुचलं नाही.

दोन आठवड्यांचं राहणं

बाईंच्या एका चुलत नणंदेचा फ्लॅट जुन्या गंगापूर नाक्याजवळ होता, नदीच्या अंगाला. ती मुलाकडे तीन महिन्यांसाठी जाणार होती. राहून बघा म्हणाली. बाई दिवाळीच्या सुट्टीत जाणार होत्या. मी नको म्हटलं. सुट्टीत कुठलंही घर चांगलं वाटतं. शाळा चालू, क्लास चालू, डबे करायचे, साहेबांची सकाळची पाळी, अशा साध्या आठवड्यात राहिलं तर घर कळतं. शेवटी जानेवारीत, संक्रांत उरकल्यावर, चौघं दोन सूटकेस घेऊन राहायला गेले. वही बरोबर होतीच.

बाईंना पहिल्याच दिवशी दीड-पावणेदोन तास मिळाले. त्यांनी पहिल्या दिवशी त्या वेळात काय केलं, तर झोपल्या. मुलगी क्लासला चालत गेली आणि मैत्रिणीबरोबर चालत आली. नऊ वाजता रस्त्यावर वर्दळ होती, त्यामुळे बाईंनी ते मान्य केलं. शेंगदाणे घ्यायला थांबलीस तर फोन कर, एवढीच अट. साहेबांना झोप लागत नव्हती. मायको सर्कल, उंटवाडी, त्रिमूर्ती चौक करत अंबडला पोचायला पस्तीस मिनिटं, परतताना जास्तच. पांडवलेणी बंद. चौथ्या दिवशी ते बाईंवर विनाकारण चिडले, हेही बाईंनी वहीत लिहिलं आहे, जरी मी तसं लिहायला सांगितलं नव्हतं.

आजींची नोंद बघून मी चक्रावले. सगळं जवळ असूनही सात दिवसांत एकट्या फक्त दोनदा बाहेर, आणि दोन्ही वेळा दहा मिनिटांत परत. मी भेटायला गेले. त्या मला गॅलरीत घेऊन गेल्या आणि बोट दाखवलं. गंगापूर रोडच्या पलीकडे पंडित कॉलनीच्या तोंडाशी भाजीची गाडी उभी होती, हिरव्यागार जुड्या रचलेल्या. आजी म्हणाल्या, "पलीकडची मेथी दिसते, पण आणता येत नाही."

मी त्यांच्याबरोबर खाली उतरले आणि रस्ता ओलांडून बघितला. नाक्यावरून वळणाऱ्या रिक्षा, केटीएचएम कॉलेजला जाणारी मुलं, बस, डंपर. मला पन्नाशीच्या आतल्या बाईला दोनदा मागे यावं लागलं. आजींनी माझा दंड धरला होता. त्यांची बोटं दंडात रुतली होती. दुसऱ्या आठवड्यात वॉचमन त्यांना हात धरून पलीकडे नेऊ लागला, पण ते त्यांना आवडलं नाही. पुन्हा कुणाला तरी सांगूनच जायचं, मग पाथर्डी काय वाईट होतं?

या एका गोष्टीने पुढचा शोध सोपा झाला. मी नकाशाची प्रिंट काढली आणि मोठे रस्ते लाल पेनने गिरवले : गंगापूर रोड, शरणपूर रोड, कॉलेज रोड. लाल रेघ न ओलांडता भाजी, देऊळ, औषधं, डॉक्टर आणि बसायची जागा, एवढं ज्या तुकड्यात बसेल तो तुकडा. पंडित कॉलनी आणि टिळकवाडीचा पट्टा त्यात चपखल बसला. आत दवाखाने इतके आहेत की आजारी पडायला संकोच वाटावा. गल्ल्या झाडांच्या, जुने बंगले अजून थोडे शिल्लक आहेत, कुसुमाग्रजांचं निवासस्थानही टिळकवाडीतच. रस्त्यालगत वर्दळ, आतल्या गल्लीत दुपारी चिमण्या. साहेबांनी पुन्हा फोन काढला. आतल्या गल्लीतल्या एका इमारतीत पुढच्या खोलीत रात्री अकराला ५२, मागच्या खोलीत ४३. फरक नऊचा, घर एकच! भागाची चौकशी सगळे करतात. झोपायची खोली कुठल्या अंगाला उघडते, हे मात्र भाडं ठरल्यावर कळतं.

पैसे

बाईंचा विचार रो हाऊस विकून इथेच घ्यायचा होता. मी विरोध केला. राहतं घर दोन वर्षांहून जास्त काळ धरून मग विकलं आणि दोन वर्षांत दुसरं घेतलं (किंवा आधीच्या वर्षभरात घेतलेलं असलं) तर भांडवली नफ्यावर प्राप्तिकरात सूट मिळते. बाईंच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. नोंदणी फी एक टक्का, पण ३०,००० च्या वर नाही. कायदा आडवा येत नव्हता. आडवा येत होता तो जागेतला फरक. पाथर्डीच्या तीन खोल्या, अंगण आणि गच्चीच्या बदल्यात पंडित कॉलनीत जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या आल्या असत्या, वर कर्ज. आणि जानेवारीतल्या दोन आठवड्यांच्या अनुभवावर बारा वर्षांचं घर विकू नये. विकलेलं घर परत मिळत नाही, भाड्याने दिलेलं परत मिळतं.

तेव्हा भाड्याचा हिशेब. आतल्या गल्लीतल्या त्या इमारतीतल्या फ्लॅटचं भाडं २२,०००, मेंटेनन्स मालकाकडे. रो हाऊसला अंबडमध्ये नोकरी करणारे दोन तरुण मिळाले, १५,०००. फरक ७,०००. स्कूटरचे महिन्याचे तेराशे किलोमीटर वाचणार, म्हणजे लिटरला पंचेचाळीसच्या हिशेबाने २९ लिटर, तीन हजारांच्या आसपास. साहेबांच्या मोटरसायकलचे तीनशे किलोमीटर वाढणार, सहाएकशे रुपये. म्हणजे खिशातून जाणार साधारण साडेचार हजार. मिळणाऱ्या भाड्यावर कर लागतो. घरपट्टी वजा करून उरेल त्यातून तीस टक्के सरसकट वजावट आहे, हे साहेबांना माहीत नव्हतं.

साडेचार हजारांत बाईंचे महिन्याचे चाळीस-पंचेचाळीस तास सुटत होते. मी तासाचा भाव काढून दाखवला, तर बाई म्हणाल्या, "तासाचं नका सांगू. मला फक्त संध्याकाळी हेल्मेट काढून ठेवायचंय."

करार बारा महिन्यांचा केला, जून २०२४ पासून. लोक अकरा महिन्यांचा करतात आणि नोंदणी लागत नाही अशी समजूत करून घेतात. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. खर्च काही मोठा नाही. वर्षाचं भाडं २,६४,०००. एक लाखाच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर दहा टक्के धरून १०,०००. बेरजेवर पाव टक्का, म्हणजे सातशेच्या आत मुद्रांक शुल्क, आणि हजार रुपये नोंदणी. एवढ्यासाठी लोक साध्या स्टॅम्प पेपरवर सह्या करतात आणि मग अनामत बुडाली म्हणून माझ्याकडे येतात.

वर्षभरानंतर

जानेवारी २०२५ मध्ये मी पुन्हा चौदा दिवसांची वही मागितली. आजी एकोणीस वेळा एकट्या बाहेर. देऊळ, भाजी, औषधाचं दुकान, समोरच्या इमारतीतल्या एका बाईंकडे उगाच. बुधवारी तिघीजणी मिळून रिक्षा करतात आणि गंगेवरच्या बाजारात जातात. येताना पिशवीत नको तितकी भाजी असते आणि सुनेचं तोंड वाकडं होतं. त्या एकदा पडल्याही. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या, म्हणून रस्त्यावरून चालत होत्या, मागून रिक्षाने हॉर्न दिला आणि घाबरून तोल गेला. कोपर खरचटलं, आणखी काही नाही. पाथर्डीला त्या पडल्या नसत्या, हे साहेबांनी बोलून दाखवलं. आजींनी उत्तर दिलं, "तिकडं चालतच नव्हते, पडणार कुठून?"

मुलीच्या बाबतीत माझा अंदाज साफ चुकला. तिला सगळ्यात जास्त फायदा होईल असं मला वाटलं होतं. ती अकरावी झाली, बारावी आली, आणि ती खोलीतच असते.

सगळ्यात महाग हे साहेबांना पडलं, आणि घरात हे कुणी मोठ्याने म्हणत नाही, म्हणून मी इथे लिहिते. रोज पाऊण तास जास्त रस्त्यावर. डेसिबलचं गणित जुळूनही झोप पूर्वीसारखी नाही, त्यात मार्चपासून शेजारची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि सकाळी नऊपासून ब्रेकर सुरू. ४३ चा आकडा रात्रीचा होता. दिवसाचा कुणी मोजलाच नव्हता. शेजारच्या इमारतीचं वय बघून ठेवा, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. सोनचाफाही गेला. भाडेकरू मुलं चांगली आहेत, भाडं पाच तारखेच्या आत देतात, पण उन्हाळ्यात गावी गेली आणि झाडाला पाणी कुणी घातलं नाही. कढीपत्ता तेवढा तगला. साहेब रविवारी पांडवलेणी चढायला जातात आणि उतरताना आपल्याच घराच्या फाटकाबाहेर गाडी थांबवून कढीपत्त्याची फांदी तोडून आणतात. भाडेकरू त्यांना चहा विचारतात.

मे २०२५ मध्ये करार वाढवायचा की परत जायचं, यावर चौघं माझ्या ऑफिसात बसले. साहेबांनी परत जाऊ असं म्हटलं नाही. एकच मागितलं : मागची बेडरूम आता मुलीकडे आहे, ती बारावीनंतर बाहेरगावी गेली की मला द्यायची. बाईंनी मान हलवली. करार दोन वर्षांचा करायचं ठरलं, मे २०२७ पर्यंत. पर्वण्या त्यानंतर, तेव्हाचं तेव्हा बघू.

नोंदणीला दोन साक्षीदार लागतात, त्यांचेही अंगठे लागतात. एक माझा कारकून. दुसरं कुणी हाताशी नव्हतं, तेव्हा आजी पुढे झाल्या. "मी देते. घरात मी राहते, मग साक्ष माझी नको?"

त्यांनी अंगठा यंत्रावर ठेवला. लाल दिवा. पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. पाच वेळा झालं. म्हातारपणी ठसे झिजतात, हे आमच्या ऑफिसात रोजचं आहे, पण आजींना राग आला. "साठ वर्षं पोळ्या लाटल्यात," त्या यंत्राला म्हणाल्या. कारकुनाने त्यांचं बोट ओल्या फडक्याने पुसलं, अंगठ्याऐवजी मधलं बोट घेतलं, ते लागलं.

त्यांनी घड्याळ बघितलं. बुधवार होता. "झालं ना? मग मी निघते, दोघी नाक्याच्या अलीकडे रिक्षात बसून राहिल्यात."

साहेब उठले, "आई, मी सोडतो."

"कशाला?" असं म्हणून त्या चप्पल घालून जिना उतरूही लागल्या होत्या.